बोल्ड इटॅलिक सेरिफ: फॉन्ट फॅमिलीतला चौथा भाऊ नीट कसा काढायचा आणि कुठे वापरायचा

मागच्या वर्षी एका गौरवग्रंथाचं कव्हर केलं होतं, मराठी-इंग्लिश दोन्ही. इंग्लिश नाव मी मस्त बोल्ड इटॅलिक सेरिफमध्ये, म्हणजे टोकांना छोटे पाय असलेल्या जाड आणि तिरक्या अक्षरांत, सेट केलं, प्रूफ ओके झालं, आणि छापून आलं तेव्हा अक्षरं कशीतरीच दिसत होती. फुगलेली, तिरकी, 'ए'चं पोट अर्धं बुजलेलं. प्रेसवाल्यांच्या मशीनवर त्या फॅमिलीच्या फक्त रेग्युलर आणि बोल्ड अशा दोनच फाईल होत्या, मी पीडीएफ न पाठवता ओपन फाईल पाठवलेली, आणि सॉफ्टवेअरने बोल्डलाच ढकलून तिरकं केलं. तेव्हापासून मी रेग्युलर, बोल्ड आणि इटॅलिकनंतरची ही चौथी स्टाईल फार गंभीरपणे घ्यायला लागलो, आणि नंतर स्वतःची एक लॅटिन, म्हणजे इंग्लिशच्या लिपीतली, सेरिफ फॅमिली काढताना सगळ्यात जास्त वेळ हिच्यावरच गेला. जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय, फॉन्ट काढणाऱ्यांसाठीही आणि नुसतं वापरणाऱ्यांसाठीही.

आधी हे समजून घ्या की हा जोड उशिरा जमलाय

इटॅलिक आणि बोल्ड या दोन वेगळ्या काळातल्या, वेगळ्या गरजेतून आलेल्या गोष्टी आहेत. इटॅलिक व्हेनिसचं. आल्डस मॅन्युशियस या प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने ते खिळे कोरले आणि १५०१ साली व्हर्जिलचं छोटं हातात मावणारं पुस्तक अख्खं इटॅलिकमध्ये छापलं गेलं. ते तेव्हा कशावर 'जोर' द्यायला नव्हतंच, तो स्वतंत्र टाईप होता, त्या काळच्या शिकलेल्या लोकांच्या भरभर लिहिण्याच्या हस्ताक्षरावर बेतलेला, आणि गंमत म्हणजे त्यात फक्त छोटी अक्षरं तिरकी होती, कॅपिटल्स सरळच उभी. रोमनच्या, म्हणजे सरळ उभ्या अक्षरांच्या, जोडीला बसवायचं टाईप ही भूमिका इटॅलिकला नंतर त्याच शतकात मिळाली.

बोल्डचं मूळ १९ व्या शतकात, जाहिराती आणि पोस्टरांच्या काळात. मजकुरातच एखादा शब्द उठून दिसावा म्हणून रोमनच्या जोडीला वापरायचं जाड अक्षर म्हणजे क्लॅरेंडन, लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून रॉबर्ट बेस्लीने १८४५ मध्ये आणलेलं. म्हणजे दोन्हींत जवळजवळ साडेतीनशे वर्षांचं अंतर. त्यामुळे बोल्ड इटॅलिकला मागे बघायला जुना नमुनाच नाही, कुठल्याही जुन्या लेखनिकाने असं अक्षर हाताने लिहिलेलं नाही. पुढे लायनोटाईप या धातूच्या ओळी ओतणाऱ्या मशीनवर एका मॅट्रिक्सवर, म्हणजे साच्यावर, दोन अक्षरं असायची, वर रोमन आणि खाली इटॅलिक किंवा बोल्ड, आणि दोघांची रुंदी सारखीच असावी लागायची, म्हणून त्या काळची कितीतरी इटॅलिक उगाच पसरट दिसतात. आपण आज बी आणि आय ही दोन बटणं एकत्र दाबतो आणि वाटतं की दोन गोष्टींची बेरीज झाली. बेरीज होत नाही, तिसरंच अक्षर काढावं लागतं, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

आपल्याकडे हे समजायला मोडी आठवा. बाळबोध म्हणजे सुटं, सावकाश, नीट मांडलेलं, आणि मोडी म्हणजे हात न उचलता भरभर. मोडीचा 'क' हा बाळबोध 'क' तिरका करून मिळत नाही, हाताच्या वेगाने त्याचा आकारच बदललाय. रोमन आणि इटॅलिकचं नातं बरंचसं तसंच आहे.

पहिली पायरी: कॉम्प्युटर बंद, कट निब हातात

आठवडाभर तरी रुंद निबने इटॅलिक लिहा. ३० ते ४५ अंशात निब धरून छोटा 'एन', 'एम', 'एच', 'ए', 'डी' एवढंच. लिहिताना तीन गोष्टी हाताला कळतात. एक, 'एन'ची कमान दांडीच्या वरून फुटत नाही, खालून दांडीला चिकटून वर चढते आणि मग वळते. दोन, सेरिफ म्हणजे रोमनसारखे आडवे पाय उरत नाहीत, निब कागदावर टेकताना आणि उचलताना जे छोटे आकडे उमटतात तेच सेरिफचं काम करतात. तीन, अक्षरं आपोआप अरुंद होतात. मग त्याच अक्षरांवर दुप्पट रुंद निबने तेवढ्याच उंचीत लिहून बघा. लगेच दिसेल की जागा पुरत नाहीये, कमान फुटायला वावच नाही. बोल्ड इटॅलिकचा सगळा प्रश्न त्या एका कागदावर दिसतो, तो कागद टेबलासमोर लावून ठेवा.

सोबत एक चांगलं उदाहरण मोठं करून बघा. जॉर्जियाचं बोल्ड इटॅलिक बहुतेकांच्या मशीनवर आधीच असतं. मॅथ्यू कार्टरने हे मायक्रोसॉफ्टसाठी केलं, १९९६ ला आलं, आणि ते खास स्क्रीनसाठी होतं. त्या काळच्या स्क्रीनवर उभी दांडी एक पिक्सेलची, बोल्ड करायचं तर सरळ दोन, मधलं काही शक्यच नाही, म्हणून जॉर्जियाचं बोल्ड एवढं दणकट आहे. ३०० पॉइंटला 'ए', 'जी', 'एफ', 'के' टाईप करा आणि रेघा कुठे बारीक केल्यात ते शोधा.

दुसरी पायरी: आकडे ठरवा

चित्र काढायच्या आधी एका कागदावर चार-पाच आकडे लिहा, नाहीतर मधेच वाहवत जाल. माझ्या फॅमिलीत १००० युनिटच्या चौकटीत रेग्युलरची दांडी ८०, बोल्डची १४५, साध्या इटॅलिकची ७४, आणि बोल्ड इटॅलिकची १३२ ठेवली. म्हणजे बोल्ड इटॅलिक हे बोल्डपेक्षा थोडं बारीक. कारण साधं आहे, अक्षर अरुंद आहे, तीच जाडी ठेवली तर ते बोल्डपेक्षा काळं दिसतं आणि पानावर डाग पडल्यासारखं वाटतं. बारीक रेघा मात्र जाड दांडीच्या प्रमाणात वाढवू नका, माझ्या ३४ च्या ४६ झाल्या फक्त. छोट्या अक्षरांची उंची बोल्डमध्ये किंचित वाढवा, मी ४७० ची ४८२ केली, तेवढ्याने पोटात हवा राहते. 'एन'ची रुंदी सरळ बोल्डमध्ये ५९० होती, इथे ५४०.

तिरकेपणाचा कोन मी ११ अंश घेतला. ८ च्या खाली गेलात तर बोल्डमध्ये ते तिरकं आहे हेच पटकन जाणवत नाही, आणि १५-१६ च्या वर गेलात की जाड अक्षर पडायला आल्यासारखं दिसतं. साध्या इटॅलिकचा जो कोन आहे तोच इथेही ठेवा. कॅपिटल्सना अर्धा-एक अंश कमी दिला तरी चालतो, मोठी अक्षरं डोळ्याला जास्तच झुकलेली वाटतात.

तिसरी पायरी: तिरकं करायचं बटण दाबलं तर नेमकं काय बिघडतं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, इथे सावकाश वाचा. फॉन्ट सॉफ्टवेअरमधलं तिरकं करायचं बटण अक्षराचा प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकवतं. आता दोन तिरक्या रेघा घ्या, एक डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी, तिला उतरती म्हणू, आणि दुसरी डावीकडून उजवीकडे वर चढणारी, ती चढती. दोन्ही ४५ अंशात, दोन्हींची जाडी १००. ११ अंशाने ढकललं की उतरती रेघ जास्त उभी होते, लांबीने आखूड होते आणि जाडी जवळजवळ ११० होते. चढती रेघ आडवी पडते, लांबते, आणि ९१ च्या आसपास येते. हे कागदावर भूमिती करून कुणीही तपासू शकतं.

हे एकदा लक्षात आलं की पुढची सगळी दुरुस्ती त्याच एका नियमाने करता येते. कॅपिटल 'व्ही'ची डावी जाड रेघ उतरती आहे, ती अजून जाड झाली, उजवी बारीक चढती, ती अजून बारीक. कॅपिटल 'ए'त जाड रेघ उजवीकडे पण तीही उतरतीच, तिचंही तेच. 'एक्स'चं तेच. 'एस'चा कणा उतरता, तो फुगतो, आणि बोल्डमध्ये तो मुळातच जाड असल्याने 'एस' एकदम गरोदर दिसायला लागतो. 'ओ' घ्या, वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा जाड आणि टोकदार होतो, उरलेले दोन कोपरे चपटे आणि बारीक. साध्या वजनात दहा टक्के डोळ्याआड होतात, बोल्डमध्ये होत नाहीत, कारण तिथे दहा टक्के म्हणजे चांगले १३-१४ युनिट.

म्हणून कॅपिटल्स आणि आकडे सरळ बोल्डमधून ढकलून सुरुवात केली तर हरकत नाही, पण नंतर प्रत्येक उतरती रेघ हाताने बारीक करायची, चढती थोडी भरायची, आणि गोल अक्षरांवरचे बिंदू पुन्हा वर-खाली-डावी-उजवीच्या टोकांवर बसवायचे. ग्लिफ्स या फॉन्ट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्सिव्ही नावाची सोय आहे, ती थोडं ढकलते आणि थोडं फिरवते, त्यामुळे चूक कमी होते, संपत नाही. फॉन्टफोर्ज फुकट आहे, त्यातही हे सगळं हाताने नीट जमतं. ढकलताना एक काळजी घ्या, ढकलण्याचा मध्यबिंदू पायाच्या रेषेवर न ठेवता छोट्या अक्षराच्या अर्ध्या उंचीवर ठेवा, नाहीतर ११ अंशात प्रत्येक अक्षर आपल्या चौकटीत साधारण ४७ युनिट उजवीकडे सरकतं आणि स्पेसिंग करताना डोकं उठतं.

छोटी अक्षरं मात्र ढकलूच नका. कोऱ्या चौकटीत काढा.

चौथी पायरी: 'एन' आणि 'ओ', मग बाकी सगळे

आधी फक्त 'एन'. दांडी तिरकी उभी करा, कमान फुटण्याची जागा ठरवा. साध्या इटॅलिकमध्ये कमान दांडीच्या अर्ध्या उंचीखालून फुटली तरी छान दिसतं, बोल्डमध्ये तेवढ्या खालून फुटली तर दांडी आणि कमानीच्या मधल्या चिंचोळ्या फटीत शाई भरते आणि तिथे काळा ठिपका दिसतो. त्यामुळे इथे कमान थोडी वरून फोडा, दोन-तृतीयांश उंचीवर, आणि फुटताना ती अगदी बारीक ठेवा, हवं तर दांडीलाच आतून हलकासा खाच द्या. लहान साईझला ती खाच कुणाला दिसत नाही पण फट मोकळी राहते. मी या एका सांध्यावर चार दिवस घालवले आणि ते वाया गेले नाहीत, कारण 'एम', 'एच', 'आर', 'यू', 'बी', 'पी' सगळे याच सांध्यावर उभे आहेत, 'यू' आणि 'डी'त तोच सांधा उलटा होऊन येतो.

'ओ' 'एन'पेक्षा किंचित अरुंद. मग 'ए', इटॅलिकमधला एकमजली 'ए', वर छप्पर नसलेला. त्याचं पोट पानाच्या आकाराचं, खाली निमुळतं, आणि बोल्डमध्ये ते निमुळतं टोकच आधी बुजतं, म्हणून आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त गोल ठेवा. आत-बाहेरचे आकार समांतर असलेच पाहिजेत असं काही नाही, उलट बोल्डमध्ये आतला आकार वेगळा काढला की अक्षर जिवंत वाटतं.

'एफ' हा हिरो. इटॅलिकमध्ये तो रेषेच्या खाली उतरतो आणि वर उजवीकडे वाकतो, म्हणजे दोन्ही टोकांनी शेजाऱ्याच्या घरात शिरतो. बोल्डमध्ये त्याची वरची गाठ जड असते, पुढे 'आय'चा टिंब आला की धडक. त्यासाठी 'एफ-आय', 'एफ-एल', 'एफ-एफ' या जोडाक्षरांचे वेगळे ग्लिफ, म्हणजे वेगळी अक्षरचित्रं, काढा, आपल्याला जोडाक्षरांची सवय आहेच. 'के'ची वरची बाजू गाठीसारखी वळवायचा मोह होतो, बोल्डमध्ये ती गाठ भरून जाते, साधी तिरकी रेघ बरी. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' टोकदार ठेवायचे की खाली गोल, हे आधीच ठरवा आणि 'वाय'ला तेच लावा.

अँडचं चिन्ह शेवटी काढा, पण मन लावून काढा. ते मुळात लॅटिन 'एट' म्हणजे 'आणि' या शब्दाची दोन अक्षरं जोडून झालेलं आहे, इटॅलिकमध्ये ती दोन्ही अक्षरं अजून ओळखता येतात. लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत लोक तुमच्या फॉन्टमधलं हेच एक चिन्ह सगळ्यात मोठं करून वापरणार आहेत.

पाचवी पायरी: स्पेसिंग

बोल्डचं पोट लहान, म्हणून अक्षरांमधली जागाही लहान. 'एन'च्या दोन दांड्यांमधली पोकळी आणि दोन 'एन'मधली पोकळी डोळ्याला सारखी वाटली पाहिजे, हे 'एनएनओएनओओएनएन' असं टाईप करून, डोळे किलकिले करून बघा. राखाडी पट्टा एकसारखा दिसला तर झालं. उजवी-डावी जागा मोजताना तिरक्या रेषेने, अर्ध्या उंचीवर मोजा.

कर्निंगमध्ये, म्हणजे ठरावीक अक्षरजोड्यांमधली जागा कमी-जास्त करताना, खरी अडचण येते ती तिरकं संपून सरळ सुरू होतं तिथे. 'एफ'नंतर बंद कंस, 'डी'नंतर प्रश्नचिन्ह, 'एल'नंतर अवतरणचिन्ह, हे सगळं वरच्या बाजूला धडकतं. सरळ कंस दुसऱ्या फाईलमध्ये असेल तर फॉन्टचं कर्निंग तिथे पोचतच नाही, त्यामुळे वरची उजवी टोकं मुळातच फार बाहेर काढू नका.

सहावी पायरी: फाईलला ओळख द्या

हे कंटाळवाणं आहे पण माझ्या कव्हरचं जे झालं ते टाळायचं तर इथेच टाळता येतं. चारही फाईलना फॅमिलीचं नाव एकच हवं, आणि चौथ्या फाईलमध्ये ती बोल्डही आहे आणि इटॅलिकही आहे असे दोन्ही झेंडे लागलेले हवेत, वजन ७००, आणि कोन मायनसमध्ये, म्हणजे ११ अंश उजवीकडे झुकलं तर उणे ११. हे नीट असेल तरच वर्डमध्ये बी आणि आय दाबल्यावर तुमची खरी फाईल उचलली जाते, नाहीतर वर्ड स्वतःचं खोटं तिरकं बनवतं आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. मधली वजनं, म्हणजे सेमीबोल्ड वगैरे, आपोआप काढायची असतील तर साधं इटॅलिक आणि बोल्ड इटॅलिक यात बिंदूंची संख्या आणि क्रम तोच ठेवा. व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे एकाच फाईलमध्ये सगळी वजनं असलेला फॉन्ट, करताना रोमनची एक फाईल आणि इटॅलिकची वेगळी, असंच बहुतेक जण करतात, कारण दोन्हींचे आकार एकमेकांत विरघळण्यासारखे नसतात.

वापरणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी खात्री करा की तुमच्याकडे चौथी फाईल खरंच आहे. प्लेफेअर डिस्प्ले, लोरा, पीटी सेरिफ, मेरीवेदर या गूगल फॉन्ट्सवरच्या फुकट फॅमिलीत खरं बोल्ड इटॅलिक आहे. वेबसाईटवर लावताना फक्त रेग्युलर आणि बोल्ड निवडलंत तर ब्राउझर गुपचूप खोटं बनवतो, ते बंद करायला सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमध्ये, फॉन्ट-सिंथेसिस ही प्रॉपर्टी आहे, तिला नन दिलं की खोटं दिसणार नाही आणि चूक लगेच पकडता येते. डोळ्याने ओळखायचं तर 'ए' बघा, दुमजली 'ए' तिरका झालेला दिसला आणि 'एफ' रेषेवरच थांबलेला दिसला तर बहुतेक वेळा ते ढकललेलं रोमनच. छपाईला पीडीएफच द्या, फॉन्ट एम्बेड करून.

मग वापरायचं कुठे? जिथे मजकूर आधीच बोल्ड आहे आणि त्यातला एक भाग इटॅलिकच असला पाहिजे, ती याची हक्काची जागा. आंब्यावरच्या इंग्लिश लेखाचं हेडिंग बोल्ड आहे आणि त्यात मँगिफेरा इंडिका हे शास्त्रीय नाव आलं, ते नियमाने इटॅलिक, म्हणजे बोल्ड इटॅलिक. हेडिंगमध्ये पुस्तकाचं नाव आलं, तेच. दुसरी जागा म्हणजे मोठ्या साईझचा एखादा शब्द किंवा एक ओळ, कव्हरवर, लेखातल्या उचललेल्या वाक्याला, मेन्यूकार्डच्या डोक्यावर. तिथे अक्षरं किंचित जवळ घ्या. पूर्ण परिच्छेद यात लावू नका, चार ओळींनंतर डोळा थकतो. सगळी कॅपिटल्स तर अजिबात नको, इटॅलिकचं सौंदर्य छोट्या अक्षरांच्या वळणात आहे, कॅपिटल्समध्ये नुसती झुकलेली भिंत उरते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं, ९ पॉइंटच्या खाली, हेही टाळा, शाई पसरून बारीक रेघा गिळल्या जातात. फ्लेक्सवर बारीक रेघ लांबून दिसतच नाही, तिथे प्लेफेअरसारखा जाड-बारीकचा मोठा फरक असलेला न घेता पीटी सेरिफसारखा कमी फरकाचा घ्या.

आणि देवनागरी शेजारी असेल तेव्हा

आपल्या कामात हे रोज येतं, पत्रिकेवर वर इंग्लिश तारीख बोल्ड इटॅलिकमध्ये आणि खाली नावं मराठीत, मग जुळावं म्हणून मराठीही तिरकं केलं जातं. ते का खटकतं ते वरच्याच नियमाने कळतं. लॅटिनमध्ये जाड रेघ उतरती असते, ढकलल्यावर जाड अजून जाड होते, बारीक अजून बारीक. आपला बोरू उलट्या कोनात कापलेला, देवनागरीत जाड रेघ चढती आणि बारीक रेघ उतरती. त्यामुळे ढकललं की जाड बारीक होते आणि बारीक जाड होते, म्हणजे अक्षरातला चढउतारच पुसला जातो, सगळं एकसारखं पिठूळ दिसतं. त्यात शिरोरेखा आडवीच राहते आणि काने तेवढे झुकतात.

त्यामुळे मराठी सरळ उभंच ठेवा, जाड वजनात, आणि ज्यात बोरूचा चढउतार दिसतो असा फॉन्ट निवडा, म्हणजे इंग्लिशच्या वळणांना तो साथ देतो. मराठी मजकुरात पुस्तकाचं नाव दाखवायला एकेरी अवतरणचिन्ह पुरतं. साईझ जुळवताना पॉइंटचा आकडा बघू नका, दोन्ही ओळी शेजारी ठेवा आणि शिरोरेखा इंग्लिशच्या छोट्या अक्षरांच्या थोडी वर पण कॅपिटल्सच्या खाली येईल असं कमी-जास्त करा. मग लेझर प्रिंटरवर प्रत्यक्ष साईझला एक प्रिंट काढा, ती भिंतीला लावा, चार पावलं मागे जाऊन बघा, आणि इंग्लिश ओळ जास्त काळी दिसली तर बोल्ड इटॅलिकच्या जागी सेमीबोल्ड इटॅलिक लावून पुन्हा प्रिंट काढा.